तो तुझा कोण लागतो?

१. खूळ की दुःख?

‘अमेरिकेतला कुणी गायक गेला म्हणून आमचा मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. याला खूळ म्हणायचं की काळजी करायची?’

मनाच्या आरोग्यावर बोलायला कुठेही गेलं तरी हा प्रश्न येतो, पण तो सभेत हात वर करून कुणी विचारत नाही. कार्यक्रम संपला, चहाचे कप फिरू लागले, की कुणीतरी हळूच बाजूला घेतं. मला तो सगळ्यात स्पष्ट ऐकू आला वेळणेश्वरात. वेळणेश्वर म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं, गुहागर तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. शंकराचं देऊळ, माडा-पोफळीच्या वाड्या, महाशिवरात्रीची जत्रा, कुलदैवताला येणारी गोखले-गाडगीळ मंडळी ही त्याची जुनी ओळख. आता तिथे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. त्यामुळे देवळातल्या घंटेइतकीच तिथल्या हवेत गिटारही असते, फक्त ती इअरफोनच्या आत असल्यामुळे मोठ्यांना ऐकू येत नाही.

प्रश्न विचारणारे गृहस्थ वाडीचे मालक होते. ज्याच्याविषयी विचारत होते तो मुलगा पडवीच्या टोकाला नारळ सोलत होता. बापाचं बोलणं त्याला ऐकू जात होतं. कारण सोडणाचा एकेक पदर तो गरजेपेक्षा जास्त जोराने ओढत होता. त्याच्या आजीने त्याला त्या वेळी काय विचारलं होतं, तेही गृहस्थांनीच सांगितलं: ‘तो तुझा कोण लागतो रे?’

आजींचा प्रश्न मला बापाच्या प्रश्नापेक्षा नेमका वाटतो. आपल्याकडे मरणाची बातमी आली की हे आधी विचारलं जातं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सुतक किती, कुणी धावत जायचं, कुणी दहाव्याला गेलं तरी चालेल, हे सगळं ‘कोण लागतो’ यावरून. नातवाकडे उत्तर नव्हतं. या प्रकरणात ते शोधायचा प्रयत्न करू.

गायकाचं नाव चेस्टर बेनिंग्टन. ‘लिंकिन पार्क’ या अमेरिकन रॉक बँडचा गायक. जन्म २० मार्च १९७६, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात. मृत्यू २० जुलै २०१७, कॅलिफोर्नियातल्या राहत्या घरी, आत्महत्येने. वय ४१. आपल्याकडे बातमी पोचली तेव्हा आषाढ सरत आला होता आणि कोकणात लावणीची कामं उरकत होती. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं एकमेकांना जुनी गाणी पाठवत होती. पुण्यामुंबईची, नागपूर-नाशिकची, आणि वेळणेश्वरचीही.

२. एकतर्फी ओळख

१९५६ साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. टेलिव्हिजन तेव्हा नवा होता. त्यांच्या लक्षात आलं, की पडद्यावरचा निवेदक थेट आपल्याकडे पाहून बोलतो आणि घरात बसलेला माणूस नकळत मान हलवतो, कधी उत्तरही देतो. हळूहळू त्याला वाटू लागतं, की हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. ओळख खरी, पण एकाच बाजूने. निवेदकाला या माणसाचा पत्ताही नसतो. अशा नात्याला मानसशास्त्रात वेगळं नाव मिळालं. आपण त्याला एकतर्फी ओळख म्हणू.

एकतर्फी म्हणजे खोटी नव्हे. ज्ञानोबा-तुकोबांशी आपली ओळख आणखी काय असते? फरक इतकाच, की ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, घरच्यांनी लावून दिलेली आहे, आणि तिच्यासाठी वारी आहे.

आता यात वयाची भर घाला. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापासून विशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाला जन्मभर सगळ्यात जास्त आठवतात, हे स्मरणशक्तीच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. तुमच्या आईला विचारा. तिची आवडती गाणी त्याच वर्षांतली निघतील. लिंकिन पार्कचा पहिला अल्बम ‘हायब्रिड थिअरी’ ऑक्टोबर २००० मध्ये आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. २००३ मध्ये ‘मेटिओरा’ आला. आपल्याकडे त्या काळात घराघरांत कॉम्प्युटर शिरत होते, सीडीवरून सीडी उतरवली जात होती, आणि इंग्रजी धड न येणारी मुलंही या बँडची गाणी तोंडपाठ म्हणत होती. मुंबईत रॉकचं वेड त्याआधीचं आहे. धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ १९८० च्या दशकापासून गाजत होता, आणि आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव नंदू भेंडे तर सत्तरच्या दशकातच रॉक गात होते. पण रॉक मुंबईबाहेर, तालुक्याच्या गावापर्यंत पोचला तो लिंकिन पार्कच्या पिढीत.

हाच बँड का? माझं मत असं, की चेस्टर किंचाळायचा म्हणून. आपल्या घरांत मुलाला रडायची सोय नाही आणि ओरडायची तर मुळीच नाही. हा माणूस सुरात ओरडायचा, आणि कशाविषयी? स्वतःचा राग येणं, कुणाच्या अपेक्षांखाली दबणं, आपण कुठेच बसत नाही असं वाटणं. त्यातून तो मुलाखतींत स्वतःविषयी काही झाकून ठेवत नसे. लहानपणी वयाने मोठ्या मुलाने केलेले लैंगिक अत्याचार, आईवडिलांचा घटस्फोट, दारू, ड्रग्ज, सगळं त्याने स्वतः सांगितलं होतं. सख्ख्या काकाविषयी जितकं माहीत नसतं तितकं या मुलांना त्याच्याविषयी माहीत होतं. मग ‘ओळख नाही’ असं कसं म्हणणार?

३. सुतक नसलेलं मरण

६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या. वय ९२. देशाने दोन दिवसांचा दुखवटा पाळला, महाराष्ट्र सरकारने ७ तारखेला सुटी दिली, शिवाजी पार्कवरचे अंत्यसंस्कार सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. त्या दिवशी घरोघरी माणसं रडली. ‘त्या तुझ्या कोण लागतात?’ असं कुणी कुणाला विचारलं नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी लताबाईंना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, तरीही.

म्हणजे एकतर्फी ओळखीतल्या माणसासाठी रडणं समाजाला मान्य आहे. फक्त त्या माणसाला आधी समाजाने आपलं म्हटलेलं असावं लागतं. वेळणेश्वरच्या मुलाची अडचण ही होती, की त्याच्या घरात त्याच्या गायकाला कुणी ओळखत नव्हतं.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तकच केलं. त्यांचा मुद्दा सोपा आहे. दुःख तितकंच असतं, पण ते उघडपणे करायचा हक्क समाज देत नाही. लग्न न झालेल्या जोडीदाराचं मरण, गर्भपात, पाळलेला कुत्रा, आणि ज्या मरणाची लाज वाटते असं मरण. आत्महत्या यात हमखास येते. चेस्टरच्या चाहत्यांवर हे दुप्पट आलं: माणूस ‘आपला’ नाही, आणि मरण ‘तसलं’.

सुतकाविषयी तुमचं मत काहीही असो, त्यात एक शहाणपण आहे. दहा-बारा दिवस त्या घराकडून कुणी कसली अपेक्षा ठेवत नाही, जेवण शेजारून येतं, लोक येऊन तेच तेच विचारतात आणि घरची माणसं तेच तेच सांगतात. हे सांगणंच औषध असतं. चाहत्याला असे दिवस मिळत नाहीत. तो दुसऱ्या दिवशी कॉलेजला जातो आणि कुणी विचारलं तर ‘झोप झाली नाही’ म्हणतो. म्हणून तो आपल्यासारख्यांना शोधतो, रात्री तीनपर्यंत फोनवर असतो. घरच्यांना वाटतं, मोबाईलने बिघडवलं. खरं तर तो समाचाराला गेलेला असतो.

इथे काळजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊन टाकतो. दुःख आणि नैराश्याचा आजार दिसायला सारखे असतात, पण दोन खुणा पाहाव्यात. दुःख येतं-जातं; मध्येच माणूस हसतो, भूक लागली की जेवतो, गेलेल्याच्या आठवणीत थोडं सुखही असतं. नैराश्यात दिवसचे दिवस सगळंच बेचव होतं. दुसरी खूण जास्त महत्त्वाची. दुःखात माणूस म्हणतो, ‘तो गेला, जग रिकामं झालं.’ नैराश्यात म्हणतो, ‘मीच रिकामा आहे, माझा कुणाला उपयोग नाही.’ हे दुसरं वाक्य ऐकू आलं, किंवा झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे सलग ढासळलेलं दिसलं, तर वाट पाहू नये. दोन दिवस नीट न जेवलेल्या मुलाला मात्र जेवायला बोलवावं आणि एखादं गाणं ऐकव म्हणावं.

४. गडगा कशाने पडला?

बातमी आल्यावर चाहते आणि चाहते नसलेले, दोघेही एकच विचारतात: का? पैसा होता, नाव होतं, सहा मुलं होती, मग कमी काय होतं?

प्रश्नाची रचनाच चुकीची आहे. कशी, ते कोकणातल्याच उदाहरणाने पाहू. वाडीच्या कडेला जांभ्या दगडांचा गडगा असतो. श्रावणात एका रात्री तो आडवा होतो. सकाळी माणसं जमतात. कुणी म्हणतं, म्हैस घासली. म्हैस खरंच घासलेली असते, चिखलात खूर उमटलेले असतात. पण तीच म्हैस वैशाखात रोज तिथेच अंग घाशीत होती, तेव्हा एक दगड हलला नव्हता. मृगापासून माती पाणी पीत होती. मुळात पाया उथळ होता. वरचे दोन दगड माकडांनी मागेच सैल केले होते, आणि ते बसवायचं राहून गेलं होतं. म्हैस निमित्त झाली. म्हशीला दोष देऊन पुढच्या पावसाळ्यात दुसरा गडगा वाचत नाही.

आत्महत्येच्या बातमीत आपल्याला बहुधा फक्त म्हैस दिसते. परीक्षा, कर्ज, प्रेमभंग, भांडण. चेस्टरच्या बाबतीत लोकांनी बोट ठेवलं ते त्याच्या मित्राच्या मरणावर. ‘साउंडगार्डन’ बँडचा गायक ख्रिस कॉर्नेल १८ मे २०१७ ला तसाच गेला होता. त्याच्या अंत्यविधीत चेस्टर गायला होता. आणि चेस्टर गेला ती तारीख, २० जुलै, हा कॉर्नेलचा वाढदिवस. हे वाचून अंगावर काटा येतो हे खरं. पण मित्र गेलेली लाखो माणसं जगतात. चेस्टरच्या मागे लहानपणचे अत्याचार होते, वर्षानुवर्षांचं व्यसन होतं, ते सोडण्याची आणि पुन्हा घसरण्याची दमछाक होती, आणि नैराश्याचा आजार होता. यातला कुठला दगड किती सैल होता हे बाहेरच्या कुणी सांगू नये.

आपली सरकारी आकडेवारीसुद्धा म्हैसच मोजते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. कारणांच्या तक्त्यात सर्वांत वर ‘कौटुंबिक समस्या’, ३१.७ टक्के, त्याखाली ‘आजार’, १८.४ टक्के, आणि मानसिक आजार हा त्या आजारांतला एक पोटप्रकार. एका मृत्यूला एक रकाना. पंचनाम्याच्या वेळी शेजारी जे सांगतात ते त्यात जातं. ‘घरात भांडण झालं होतं’ हे शेजाऱ्याला दिसतं. सहा महिने झोप नव्हती, हे घरातल्यांनाही दिसलेलं नसतं.

५. हसणारा माणूस

चेस्टर गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या पत्नीने, टॅलिंडाने, एक छोटा व्हिडिओ लोकांसमोर ठेवला. मृत्यूच्या साधारण ३६ तास आधीचा. चेस्टर मुलांबरोबर खेळतोय, चित्रविचित्र चवींच्या गोळ्या खाऊन तोंड वाकडं करतोय, खदाखदा हसतोय. तिचं सांगणं एवढंच होतं, की आमच्या घरात नैराश्य असं दिसत होतं.

डॉक्टरी भाषेत सांगायचं तर नैराश्य हा मेंदूच्या कामकाजाशी, झोपेशी, शरीरातल्या ताणाच्या रसायनांशी आणि माणसाच्या परिस्थितीशी एकाच वेळी बांधलेला आजार आहे. सतत रडवेला चेहरा ही त्याची अट नाही. काही जणांत तो चिडचिड होऊन येतो, काहींत अंगदुखी होऊन. कामावर जाणारी, विनोद करणारी, स्टेजवर हजारो माणसांसमोर उभी राहणारी माणसं तो अंगावर वागवत असतात. हसण्याने तो खोटा ठरत नाही. मधुमेही माणूसही हसतोच की.

औषधांविषयी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे फार घोटाळे होतात. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. डोकेदुखीच्या गोळीची सवय असलेला माणूस आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून ती बंद करतो. किंवा बरं वाटलं की स्वतःच्या मनाने सोडतो आणि आजार परत येतो. दोन्ही वेळा दोष औषधाला.

पण गोळीपर्यंत पोचतात किती? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली. तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांबाहेर होते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही. रत्नागिरीत तर सरकारी मनोरुग्णालय ब्रिटिशांच्या काळापासून आहे. राज्यातल्या जुन्या चारांपैकी एक, बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूर. या गावांच्या नावांचं आपण काय केलं? चेष्टा. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्यात जागा आहे का बघा’. ज्या दाराची चेष्टा केली त्या दारातून स्वतः आत जाणं अवघड होऊन बसतं. कोकणात आधी गुरवाकडून देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. त्याला माझी अजिबात हरकत नाही. माणसाला चार लोकांत उभं करून त्याचं दुखणं मोठ्याने सांगितलं जातं, हे काही थोडं नाही. फक्त देवळातून निघालेली गाडी पुढे डॉक्टरकडे वळली पाहिजे.

६. बातमीचा गुण आणि बातमीचा दोष

आता जरा अवघड भाग. एका प्रसिद्ध माणसाच्या आत्महत्येने दुसरी माणसं धोक्यात येतात का?

जर्मन लेखक गटे याची १७७४ मधली ‘वेर्थर’ ही कादंबरी गाजली तेव्हापासून ही शंका आहे. तिचा नायक प्रेमभंगानंतर जीव देतो आणि वाचकांपैकी काहींनी त्याचं अनुकरण केलं, असं बोललं गेलं. काही शहरांत पुस्तकावर बंदी आली. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतली आकडेवारी तपासली आणि दाखवलं, की पहिल्या पानावर आत्महत्येची मोठी बातमी आली की पुढच्या काळात आत्महत्या वाढतात. त्याला त्याने त्याच नायकाचं नाव दिलं. अलीकडचं उदाहरण रॉबिन विल्यम्स या विनोदी नटाचं. ऑगस्ट २०१४ मध्ये तो गेला, आणि त्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्के जास्त आत्महत्या झाल्याचं पुढे एका अभ्यासात निघालं.

पण याच्या उलटही घडलं आहे, आणि तेही एका रॉक गायकाच्या मरणानंतर. ‘निर्वाणा’ बँडचा कर्ट कोबेन एप्रिल १९९४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, सिअ‍ॅटल शहरात गेला. १० एप्रिलला सुमारे सात हजार चाहते तिथल्या एका मैदानात जमले. सगळ्यांना भीती होती की आता मुलांची रांग लागेल. तसं झालं नाही. अभ्यासकांनी त्या भागातली आकडेवारी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिली, तर आत्महत्या वाढलेल्या दिसल्या नाहीत. वाढले होते ते मदतीसाठी केलेले फोन. त्यांच्या मते तीन गोष्टींनी हात दिला. बातम्यांनी आणि जमलेल्यांनी त्याच्या गाण्याचं कौतुक केलं, पण त्याच्या शेवटाचं केलं नाही. त्याच्या पत्नीचा सगळ्यांदेखत व्यक्त झालेला संताप लोकांनी ऐकला. आणि मदतीचा फोन नंबर जिथेतिथे सांगितला गेला.

फोन नंबरने खरंच फरक पडतो का? याचं उत्तर एका गाण्याने दिलं. २०१७ मध्येच लॉजिक या अमेरिकन रॅपरने एक गाणं केलं, ज्याचं नावच तिथल्या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनचा नंबर होतं. गाण्यात जीव द्यायला निघालेला मुलगा फोन करतो, बोलतो आणि जगतो. गाण्याची सर्वांत जास्त चर्चा झाली ते ३४ दिवस संशोधकांनी निवडले. त्या दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले. भागाकार करून पाहा: दिवसाला सुमारे २९०, म्हणजे तासाला बारा, दर पाच मिनिटांनी एक जादा फोन. त्याच दिवसांत अपेक्षेपेक्षा २४५ आत्महत्या कमी झाल्या. त्या गाण्यामुळेच, असं छातीठोक कुणी म्हणणार नाही. अशा अभ्यासात इतर कारणं पूर्ण वगळता येत नाहीत. तरी आकडा लहान नाही.

म्हणून पत्रकारांसाठी नियम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत, आणि आपल्या प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये ते स्वीकारलेही. पद्धत सांगू नये, जागा सांगू नये, चिठ्ठी छापू नये, एकच कारण देऊ नये, मदतीचा नंबर द्यावा. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आता एक छापखाना आहे, तेव्हा हे नियम व्हॉट्सअ‍ॅपलाही लागू समजायला हरकत नाही. ‘सुटला बिचारा’ असं लिहिताना हात थांबवावा. ज्याला स्वतःलाही सुटायचं आहे असं कुणीतरी तो मजकूर वाचत असतं.

७. वांद्र्यातला जून

या सगळ्याच्या नेमकं उलट काय होतं, ते आपण आपल्याच मुंबईत पाहिलं. १४ जून २०२० ला अभिनेता सुशांत सिंह राजपूत वांद्र्याच्या घरी मृतावस्थेत आढळला. टाळेबंदी होती, माणसं घरात कोंडलेली होती, हातात फोन होते. पहिले काही दिवस चाहत्यांचं दुःख दुःखच होतं. मग ‘का?’ हा प्रश्न ‘कुणी?’ असा झाला. आधी चित्रपटसृष्टीतली घराणेशाही, मग त्याची मैत्रीण, मग कट, मग खून. तपासाच्या बातम्यांत त्याच्यावर चाललेल्या मानसोपचारांचा उल्लेख येत होता, पण तो ऐकायला कुणी तयार नव्हतं. आजार हे उत्तर चाहत्यांना अपुरं वाटलं. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या एम्सच्या तज्ज्ञांनी खुनाची शक्यता नाकारली. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला. मधल्या काळात त्याची ती तरुण मैत्रीण जवळपास महिनाभर तुरुंगात राहून आली होती.

चाहत्यांना मी दोष देणार नाही. दुःखाला हात-पाय लागतात तेव्हा ते कुणाच्या तरी मागे धावतं, आणि वाहिन्यांनी त्याला दिशा दाखवून दिली. १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने याच वार्तांकनाविषयी निकाल देताना सांगितलं, की आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला कमकुवत मनाची ठरवणं आणि तिच्या खासगी आयुष्यात घुसणं टाळलं पाहिजे. हा निकाल पत्रकारितेच्या वर्गाबाहेरही वाचला जायला हवा होता.

८. मग चाहत्यांनी करायचं काय?

लिंकिन पार्कच्या चाहत्यांनी काय केलं, ते सांगतो. २७ ऑक्टोबर २०१७ ला लॉस एंजलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये बँडने चेस्टरसाठी कार्यक्रम केला. एका गाण्याला गायक कुणीच नव्हता. फुलांनी सजवलेला माइक मध्ये उभा, त्याच्यावर प्रकाश, आणि अख्खं गाणं प्रेक्षकांनी म्हटलं. पुढच्या वर्षी टॅलिंडाने त्याच्या जन्मतारखेचा आकडा नावात घेऊन मानसिक आरोग्यासाठी काम सुरू केलं: नैराश्याच्या खुणा ओळखा, उघड बोला, मदत घ्या. २० मार्च आणि २० जुलै या दोन तारखांना चाहते एकमेकांना ‘बरा आहेस ना?’ असं विचारतात. खरं तर हा त्यांनी स्वतःपुरता तयार केलेला दिवसवारच आहे.

आपल्याकडे या विषयावर गाणं माहीत नसलं तरी एक चित्रपट जरूर आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६ चं सुवर्णकमळ मिळालं. जीव द्यायला निघालेला एक मुलगा, त्याला घरी आणणारी एक बाई जिने स्वतः हा आजार भोगला आहे, आणि कोकणचा किनारा, जिथे कासवांची अंडी राखली जातात. तिच्या वागण्यातली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: ती त्याला ‘का’ असं विचारून भंडावत नाही.

तरी एक प्रश्न मात्र विचारावाच लागतो, आणि नेमका तोच विचारायला माणसं घाबरतात. ‘मरणाचे विचार येतात का?’ आपण विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, ही भीती सार्वत्रिक आहे. ती खरी नाही; विचारल्याने धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट ज्याला असे विचार येत असतात त्याला हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, तर उपदेश नको, शपथा नकोत. त्या रात्री त्याला एकटं सोडू नये आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे सोबत जावं. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. कायदाही आता बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो जुना सरसकट गुन्हा उरलेला नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणारी घरं अजून आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये लिंकिन पार्क परत आलं, एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका घेऊन. जुने चाहते दुभंगले. चेस्टरची गाणी दुसऱ्या गळ्यातून ऐकवत नाहीत, असं काहींचं म्हणणं. गाणी बंद पडली तर तो दुसऱ्यांदा जाईल, असं इतरांचं. जानेवारी २०२६ च्या मुंबईतल्या लोलापलूझा महोत्सवासाठी या बँडचं नाव जाहीर झालं तेव्हा हाच वाद आपल्याकडेही मराठीतून झडला. त्यात मी दुसऱ्या बाजूचा. वेळणेश्वरच्या त्या मुलाचं मत मला विचारता आलं नाही. तो एव्हाना नोकरीला लागला असेल, आणि तिकिटाचे पैसे त्याने बहुधा घरी न सांगताच भरले असतील.